मुकादमाचं उष्टं

“मानवजातीचा सगळा इतिहास,” रावसाहेबांनी जाहीर केलं, “हा झाकण ठेवायला विसरल्याचा इतिहास आहे!”

हे वाक्य त्यांनी करंजाड्यातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ओट्याकडे पाठ करून, समोर मेथी निवडत बसलेल्या बायकोला ऐकवलं. ऐकवताना तर्जनी वर होती. रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात उभी हयात सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली की तर्जनी रिटायर व्हायला तयार होत नाही. त्यांच्या मागे ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं होतं, आणि मुकादम त्यात तोंड घालून मानवजातीचा इतिहास पुढे नेत होता.

रखमाने नवऱ्याच्या खांद्यावरून एकदा पलीकडे पाहिलं, “हं” म्हटलं आणि मेथीची पुढची काडी उचलली. रावसाहेब वळले तेव्हा मुकादम खिडकीत बसून मिशा पुसत होता. बायकोच्या काही लक्षात आलं नाही, अशी त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली.

मुकादम म्हणजे त्यांचा बोका. कुठून तरी जिना चढून आला होता तो राहिलाच. नाव रखमाने ठेवलं. शेपटी वर करून घरभर फेऱ्या मारायच्या, प्रत्येक कामाजवळ थोडं बसायचं, कशालाही हात लावायचा नाही आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांच्या आधी हजर राहायचं. लहानपणी आईबरोबर रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या रखमाला असा एकच माणूस माहीत होता.

आता त्या दुधाचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि तो काही पहिल्यांदा पडलेला नव्हता. विटाळ, बाटणं, सोवळं हे सगळे शब्द रावसाहेबांच्या आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन सोडले होते, आणि परतीच्या गाडीत चुकूनही कोणी उचलून आणले नव्हते. उष्टं हा शब्द तेवढा घरात राहिला होता, कारण पोरांना ओरडायला तो लागतो. पण मांजराने तोंड लावलं म्हणून दूध ओतून टाकायचं? आपला हात लागला म्हणून ज्यांनी रांजण ओतून दिले, त्यांच्यात आणि आपल्यात मग फरक तो काय राहिला? रावसाहेबांचा हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय दूध ओतलं असतं तर नवी पिशवी आणायला खाली उतरावं लागलं असतं, आणि सोसायटीची लिफ्ट बंद होती. तत्त्व आणि कंटाळा एका बाजूला आले की माणूस फार ठाम होतो.

तेव्हा दूध दणकून उकळायचं आणि बायकोला चहा करून द्यायचा, असा शिरस्ता पडला. सकाळचा चहा रावसाहेबांकडे असे. स्वतः ते कोरा घेत, पित्तामुळे. चहातलं सगळं दूध रखमाच्या कपात.

ही शेवटची गोष्ट पुढे त्यांच्या छातीवर येऊन बसली.

दिवाळीनंतर रखमाच्या मानेत गाठ आली. आधी वाटलं दाढेमुळे असेल. मग काखेतही लागली. तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा कुठेतरी जाऊन आला, आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टर सुचिता मॅडमनी त्या दोघांना बसवून घेऊन सांगितलं, “लिम्फोमा आहे. रक्ताच्या कॅन्सरचा प्रकार. पण औषधाला चांगला दबणारा आहे. घाबरू नका.”

रखमा घाबरली नाही. किमोने केस गेल्यावर तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, “झालं. भन्तेजी दिसते मी. आता तुम्हीच मला वंदन करा.”

रावसाहेब हसले. हसताना आपण कसे दिसतो हे त्यांना आरशात दिसलं, म्हणून त्यांनी हसणं आवरतं घेतलं.

तिसऱ्या किमोच्या सुमाराला मुकादम आजारी पडला. फेऱ्या बंद. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. रावसाहेबांनी त्याला आंब्याच्या करंडीत घातलं, वरून झाकण बांधलं आणि नवीन पनवेलच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तेजस हा तरणाबांड पोरगा, पण हात हलका. त्याने रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. कोविडच्या वेळी सगळ्या देशाने जशा पट्ट्या डोळे बारीक करून पाहिल्या होत्या तशीच ही. दोन रेघा उमटल्या.

“काका, हा पॉझिटिव्ह आहे. फिलाइन ल्युकेमिया व्हायरस.”

“म्हणजे?”

“मांजरांचा व्हायरस असतो. लाळेतून पसरतो. याने रक्त कमी होतं, काहींना पुढे कॅन्सर होतो. लिम्फोमा वगैरे.”

लाळ. लिम्फोमा. रावसाहेबांच्या कानांनी एवढे दोन शब्द आत घेतले आणि दार लावून टाकलं.

“घरात अजून कोणी आहे?” तेजसने विचारलं.

“बायको आहे,” रावसाहेब म्हणाले.

“नाही काका, मांजर म्हणतोय मी. म्हणजे असं बघा, माणसांना—”

एवढ्यात बाहेरच्या खोलीत एका लॅब्राडोरने औषधांचा स्टँड आडवा केला. तेजस धावला. तो परत येईपर्यंत करंडी आणि काका दोन्ही गेलेले होते.

रिक्षात बसल्यावर रावसाहेबांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं. पातेलं. मुकादमाची गुलाबी जीभ. उकळी. रखमाचा कप. रोज सकाळी, आपल्या हाताने, वर आलं किसून. ‘आज चहा छान झालाय’ असं ती म्हणायची तेव्हा ते ‘आलं जास्त घातलंय’ म्हणायचे. त्यांनी डोळे मिटले.

गोंधळलेला माणूस सवयीकडे वळतो. रावसाहेबांची सवय कारखान्याच्या भिंतीवर त्यांनीच रंगवून घेतली होती: गळती आढळल्यास आधी स्रोत दूर करा, चौकशी नंतर. त्यांनी मांडीवरच्या स्रोताकडे पाहिलं. स्रोत करंडीच्या फटीतून बारीक आवाजात म्याव म्हणाला.

“दिवाळ्याला घे,” त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं.

दिवाळे गावात, खाडीकाठी शेवंताबाई राहायची. रावसाहेब पूर्वी बेलापुरात भाड्याने राहत तेव्हा रखमा तिच्याकडूनच मासळी घ्यायची, आणि घासाघीस करता करता दोघींची मैत्री झाली होती. शेवंताबाईच्या अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असायचे आणि मांजरं खालून वर बघत बसलेली असायची.

“आरं, रावसाहेब! आज कनीकरं वाट चुकलास?”

“शेवंताबाई, याला थोडे दिवस ठेवून घ्या. जरा अशक्तपणा आहे. हवापालट होईल.”

“बोक्याला हवापालट?” शेवंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मंग मना कवा नेतस म्हाबळेसरला?”

पण करंडी तिने घेतली. झाकण उघडून मुकादमाला पदराखाली धरलं, त्याच्या कपाळावर बोट फिरवलं. रावसाहेबांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही. स्रोत दूर झाला होता.

घरी आल्यावर रखमाने विचारलं, “मुकादम कुठंय?”

“ॲडमिट केलाय.”

“बरं,” ती म्हणाली. नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून एक जुनी गोधडीची चिंधी काढली. “हे त्याचं पांघरूण. याच्याशिवाय त्याला झोप लागत नाही. नेऊन द्या.”

रावसाहेब पांघरूण घेऊन निघाले आणि सेक्टरच्या बागेत जाऊन बसले. मांडीवर मांजराचे केस चिकटलेली चिंधी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडे फिरायला आलेल्या बायका आधी दयेने आणि मग संशयाने पाहू लागल्या. त्यांनी ती चिंधी घडी करून शर्टाच्या आत घातली. संध्याकाळी सांगितलं, “दिलं. आवडलं त्याला.” चिंधी त्यांनी गॅसच्या टाकीमागे लपवली.

मग हे रोजचंच झालं. आज खेळण्यातला चेंडू, उद्या त्याची वाटी. “काय घालतात त्याला तिथं?” “खिचडी.” “मांजराला खिचडी?” “मऊ करतात.” एका खोट्याला दुसरं टेकू देत होतं. गॅसच्या टाकीमागे मुकादमाचा संसार जमा होत होता.

चहाचं तर विचारू नका. रावसाहेबांनी जुनं पातेलं भंगारात दिलं आणि घरातल्या प्रत्येक भांड्यावर झाकण आलं. रिकाम्या भांड्यांवरसुद्धा. सकाळी कप रखमाच्या हातात देताना त्यांचा हात कापायचा.

“पार्किन्सनचं पण बघून घ्या एकदा,” रखमा म्हणाली. “एकाच फेरीत होईल दोघांचं.”

पुढच्या किमोच्या दिवशी रखमाला सलाईन लागल्यावर ते सुचिता मॅडमच्या केबिनमध्ये शिरले आणि दार ओढून घेतलं.

“मॅडम, माझा एक मित्र आहे.”

“बरं.”

“त्याच्याकडे मांजर आहे. त्या मांजराला ल्युकेमियाचा व्हायरस निघाला. आणि मित्राच्या बायकोला...”

“मित्राची बायको आत चार नंबरच्या बेडवर आहे का?”

रावसाहेब खाली बसले. मग सगळं बोलले. पातेलं, उकळी, कोरा चहा. नागपूर मात्र वगळलं. ते मॅडमना समजावून सांगताना आपलं तत्त्व फार लंगडं दिसलं असतं. शेवटी म्हणाले, “मीच पाजला तिला कॅन्सर. आल्यासकट.”

मॅडम हसल्या नाहीत. रावसाहेबांना त्याबद्दल पुढे बरेच दिवस कृतज्ञता वाटत राहिली.

“काका, नीट ऐका. तो मांजरांचा व्हायरस आहे. माणसाला होत नाही. ही शंका तुमच्या आधी शास्त्रज्ञांना आली होती. प्रयोगशाळेत, बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशींमध्ये तो शिरतो असं दिसलं होतं, म्हणून लोकांनी बरीच वर्षं कसून शोध घेतला. आजारी मांजरांबरोबर राहणारे, मांजरांचे डॉक्टर, कॅन्सरचे पेशंट, सगळे तपासले. जिवंत माणसात तो ठाण मांडून बसलाय, त्याने कॅन्सर झालाय, असं काही सापडलं नाही. तुमच्या मिसेसचा लिम्फोमा आणि मांजराचा लिम्फोमा, नाव एक आहे. दोन रावसाहेब असू शकतात की नाही? तसं.”

“म्हणजे माझा काही...”

“या बाबतीत नाही. पण उष्टं दूध आता अजिबात द्यायचं नाही. त्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, मांजराच्या तोंडात दुसरे साधे जंतू असतात. त्याची शी-शू तुम्ही काढायची, हात धुवायचे. घरात राहू दे त्याला. फक्त दुसऱ्या मांजरांत सोडू नका. मांजराकडून मांजराला तो पटकन जातो. एका ताटात खाल्लं, एकमेकांना चाटलं, की झालं.”

रावसाहेबांच्या छातीवरून एक हत्ती उठला. तो दारापर्यंत गेला, थबकला, आणि परत येऊन बसला.

“एका ताटात,” रावसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रखमाचा डोळा लागल्यावर ते दिवाळ्याला पोचले. शेवंताबाई अंगणात सुकट पाखडत होती. मुकादम ओटीवर, उशीवर बसला होता. शेजारी एक पांढरी म्हातारी मांजर त्याचा कान चाटत होती. इतकं मन लावून की रावसाहेबांना वाटलं आपणच मध्ये जाऊन कान पुढे करावा.

“ही कोण?”

“चांदी. माजी मांजर. बाकीची गावची हायत, त्यांना हा आत येव देत नाय. लय शाना हाय तुजा बोका. बोंबील दिला तं नाक मुरडतो. दूध मांगतो! चांदीच तेवडी त्याचे ताटान जेवते. दोगांचा जमला हाय.”

रावसाहेब ओटीच्या पायरीवर बसले. “शेवंताबाई, मी एक चूक केली,” त्यांनी सुरुवात केली आणि मुकादमाचा व्हायरस, रखमाचा आजार, दोन्हींची आपण कशी सांगड घातली, हे सगळं सांगून टाकलं. “पण घाबरू नका. काल डॉक्टर म्हणाल्या, माणसाला होत नाही.”

शेवंताबाईने सूप खाली ठेवलं.

“काल म्हनाली.”

“हो.”

“आनि तू बोका आनलास तवा?”

रावसाहेबांनी मुकादमाकडे पाहिलं.

“तवा तुला वाटत व्हता का ह्यानं मानसाला कॅन्सर व्हतो.”

“...हो.”

“तुजे बायकोला व्हईल म्हनून माजे घरान आनून सोरलास.” ती आवाज चढवत नव्हती, हे जास्त वाईट होतं. “आरं, मंग माजे घरान कय मानसा रेत नाय का? मी कय बोंबील हाय?”

कारखान्यात असताना रावसाहेबांनी एकदा शेजारच्या कंपनीला जाब विचारला होता. त्या कंपनीने टाकीतली घाण पावसाच्या पाण्याबरोबर रावसाहेबांच्या कारखान्याच्या नाल्यात सोडली होती. त्या कंपनीचा साहेब म्हणाला होता, ‘आमच्याकडे आता सगळं सेफ आहे.’ त्या माणसाला रावसाहेब पुढे कित्येक वर्षं, जेवताना, नाव घेऊन शिव्या देत. आता त्या साहेबाचा चेहरा त्यांना आठवेना. त्याच्या जागी आपलाच येत होता. ज्याच्या आजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्या नातवाने स्वतःच्या घरची भीती उचलून दुसऱ्याच्या ओटीवर ठेवली होती. रिक्षाने. झाकण लावून.

“माझ्या डोक्यातच आलं नाही,” ते म्हणाले. हे खरं होतं, आणि तीच सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट होती.

“डोस्क्यान नाय आयला,” शेवंताबाई म्हणाली. “मी कय तुजे डोस्क्यान येवाची?” मग तिने चांदीला उचललं. चांदी तिच्या हातात लोंबत राहिली. “हिला व्हईल?”

“तपासायला लागेल. मी नेतो.”

“तू नको नेव. तू नेतस तं कंच्या गावाला नेवून सोरशील. मी येते.”

म्हणून एका रिक्षात मुकादम करंडीत, चांदी मासळीच्या टोपलीत, आणि मधे दोन माणसं तोंडं दोन दिशांना करून, अशी वरात नवीन पनवेलला गेली. तेजसने चांदीची पट्टी पाहिली. एकच रेघ.

“सध्या निगेटिव्ह. पण एवढ्यात खात्री नाही, महिन्या-दीड महिन्याने परत आणा. तोवर इतर मांजरांपासून वेगळी ठेवा.” मग रावसाहेबांकडे वळून, “काका, त्या दिवशी तुम्ही गेलात कुठे? मी तेच सांगत होतो, माणसांना काही होत नाही.”

शेवंताबाईने रावसाहेबांकडे पाहिलं. निघताना मात्र तिने टोपलीतून कागदात बांधलेली सुकट काढून त्यांच्या हातात कोंबली. “रखमाला दे. तुला नाय.”

संध्याकाळी मुकादम घरात आला, शेपटी अर्धीच वर करून एक फेरी मारली आणि दमून रखमाच्या पायाशी पडला. तेजसने सांगितलं होतं, किती दिवस काढेल सांगता येत नाही. काही मांजरं बरीच वर्षं काढतात. सुचिता मॅडमही रखमाबद्दल साधारण हेच बोलल्या होत्या, फक्त जास्त आशेने.

रावसाहेब पलंगासमोर उभे राहिले. तर्जनी वर गेली नाही. हात मागे बांधले गेले, चौकशी समितीपुढे कामगार उभा राहतो तसे.

“रखमा, मला सांगायचंय.”

“बसून सांगा.”

ते उभेच राहिले. दूध, मुकादमाची जीभ, तत्त्व, लिफ्ट, कोरा चहा. मग ॲडमिट केल्याचं खोटं, बागेतलं बाक, गॅसच्या टाकीमागचा संसार. मग शेवंताबाई, चांदी आणि तिची पट्टी. “तुझा आजार माझ्यामुळे नाही, असं मॅडम म्हणतात,” त्यांनी शेवट केला. “पण मी तसाच वागलो ना. मला खरंच वाटत होतं की त्याच्यात कॅन्सर आहे, आणि मी तो शेवंताबाईला नेऊन दिला. तू काय म्हणशील ते कबूल आहे मला.”

रखमा मुकादमाच्या पाठीवरून पायाचा अंगठा फिरवत होती.

“त्या दिवशी तुम्ही दिवाळ्याहून परतीच्या रिक्षात बसायच्या आधीच शेवंताचा फोन आला होता,” ती म्हणाली. “बोका काय खातो विचारायला.”

“तुला माहीत होतं?”

“मग! चिंधी घेऊन जाता कुठं, ते बघायचं होतं मला. पडल्या पडल्या तेवढीच करमणूक. पण तिच्या दारात का सोडला, ते कळत नव्हतं. ते आत्ता कळलं.” तिचा अंगठा थांबला. “ते वाईट केलंत. चांदीचं दुसऱ्यांदा बघायचं असेल तेव्हा तुम्ही स्वतः दिवाळ्याला जायचं, तिला घेऊन दवाखान्यात यायचं, आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं.”

“हो.”

“आणि दुधाचं म्हणाल तर, तुम्ही दुपारी ज्या ताकाचं एवढं कौतुक करायचा, पित्ताला उतार पडतो म्हणायचा...”

रावसाहेबांनी तोंड उघडलं.

“ते दही मी कशाचं लावत होते असं वाटतं तुम्हाला? मुकादमाचं उष्टं म्हणून उरलेलं एवढं दूध फेकायचं कशाला? लिफ्ट माझ्यासाठी चालू होती का?”

रावसाहेबांना वाटलं, आता काहीतरी मोठं बोललं पाहिजे. क्षमा मागितली पाहिजे, नाहीतर रडलं तरी पाहिजे. त्यांनी हात सोडले आणि पलंगाकडे एक पाऊल टाकलं.

“थांबा,” रखमा म्हणाली, “मांजराला लावलेत ते. आधी हात धुऊन या, आणि मग जरा पाठ खाजवा.”